गाडीतली कुरकुर आणि टकटक: आवाज शोधायचा कसा, थांबवायचा कसा

तीन आठवडे मी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे लागलो होतो. खराब रस्त्यावर ताशी ३०-४० च्या वेगाने गाडी गेली की डॅशबोर्डमधून, शेजारी बसणाऱ्याच्या अगदी गुडघ्यांसमोरून आवाज यायचा. टक... टकटक... टक. गुळगुळीत रस्ता लागला की चिडीचूप. ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला. कडांना फेल्टची पट्टी लावली. झाकण ज्या खुंट्यांवर टेकतं त्यांना रबर चढवलं. शेवटी अख्खा खण बाहेर काढून मागच्या वायरिंगला फोम गुंडाळला. या खटाटोपात दोन क्लिपा मोडल्या आणि टकटकीच्या जोडीला माझ्या हातची एक कुरकुरही सुरू झाली.

आवाज निघाला बॉनेटखाली. महिनाभरापूर्वी बॅटरी बदलून घेतली होती आणि बसवणाऱ्याने ती दाबून धरणारी पट्टी नीट आवळलीच नव्हती. खड्डा आला की बॅटरी ट्रेवर जराशी उडायची आणि तो ठोका इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून थेट डॅशबोर्डला पोचायचा. १० नंबरचा पाना आणि अर्ध्या मिनिटाचं काम. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: आवाज हुकमी काढता येत नाही आणि हाताने दाबून हुकमी बंद करता येत नाही, तोवर ना पान्याला हात लावायचा, ना चिकटपट्टीला. दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळच असते. वेळ जातो तो शोधण्यात, आणि शोध चुकला की गाडी विनाकारण उघडली जाते.

हे आवाज असतील तर इथेच थांबा

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना चाकाकडून कटकट येत असेल, ब्रेक दाबल्यावर धातूवर धातू घासत असेल, ठोका स्टिअरिंगमधून हाताला जाणवत असेल किंवा आवाजासोबत गाडी एका बाजूला ओढत असेल, तर फेल्ट-फोमचं काम नाही. चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सीव्ही जॉइंट, संपलेले ब्रेक पॅड, चाक वळवणारा टाय रॉड, चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट, यांपैकी काहीही असू शकतं. गाडी लिफ्टवर चढवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. चाक काढून बसवल्यानंतर लगेच ठोके सुरू झाले असतील तर सगळ्यात आधी चाकाचे नट बघा. घरी जाऊन नाही, तिथल्या तिथे.

आवाजाला नाव द्या

मराठीत आवाजांसाठी शब्दांची चंगळ आहे आणि निदानात ती फार कामी येते. करकर, कुरकुर, चूंचूं हे घासण्याचे आवाज. टकटक, खडखड, खुळखुळ हे आपटण्याचे. झिणझिण, भणभण हे थरथरण्याचे. गॅरेजमध्ये नुसतं “आवाज येतोय” म्हणालात तर समोरचा थेट सस्पेन्शनकडे वळतो. “थंडीत सकाळी काचेजवळ करकर होते, ऊन चढलं की थांबते” असं सांगितलंत तर अर्धं निदान तुम्हीच केलंत.

घासण्याचा आवाज नेमका कसा होतो ते समजून घेण्यासारखं आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात, ताण साठतो, मग एकदम सुटतात आणि पुन्हा धरतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की करकर ऐकू येते. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. म्हणून करकरीवर इलाज दोनच: एक तर त्या दोघांना हलूच द्यायचं नाही, नाहीतर मधे असं काही घालायचं की ते एकमेकांना धरूच शकणार नाहीत. आपटण्याचं तसं नाही. तिथे मधे फट असते. फट भरा किंवा सैल भाग आवळा. ग्रीस लावून काही होणार नाही. टकटकीवर सिलिकॉन स्प्रे मारणारा आणि करकरीवर स्क्रू पिळत बसणारा, दोघेही मी पाहिलेत. आरशात.

झिणझिण मात्र तिसरंच प्रकरण. पातळ पत्रा किंवा प्लास्टिकचा एखादा तुकडा ठराविक कंपनालाच साद देतो, म्हणून तो आवाज इंजिनच्या वेगाच्या एखाद्या अरुंद पट्ट्यातच येतो आणि रेस वाढवली की गायब होतो.

आधी गाडी रिकामी करा

हे सांगायला लाज वाटते, पण दारांचे खिसे, कपहोल्डर, चष्म्याचा खण, सीटखालची जागा, डिकी, सगळं खरंच रिकामं करा. चाव्यांचा जुडगासुद्धा काढून ठेवा. डिकीतली स्टेपनी मधल्या बोल्टने घट्ट दाबलेली आहे का, जॅक आणि पाने आपापल्या जागी बसलेत का, ते बघा. जॅकला जागेवर फिरवून ताणून बसवायचं असतं, तो नुसता ठेवला की खडखडतो. मागचा पार्सल ट्रे काढून बाजूला ठेवा. मागच्या सीटवर कोणी बसत नसेल तर तिथल्या बेल्टची बकलं छत पेलणाऱ्या खांबाच्या प्लास्टिकवर आपटत नाहीत ना, ते पाहा. टायरमधली हवाही मोजा, कारण दारावरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यापेक्षा हवा जास्त असली की प्रत्येक बारीक धक्का गाडीच्या सांगाड्यात जातो आणि एरवी गप्प असणारे भागही बोलायला लागतात.

आता आठवून बघा: आवाज सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं काम कोणतं झालं? बॅटरी, काच, स्टिरिओ, एसीचा फिल्टर, सीट कव्हर? जिथे हात लागला तिथून सुरुवात करा. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर हा लेख निम्म्याने छोटा झाला असता.

आवाज हुकमी काढणं

खरी मेहनत इथे आहे. आवाज इंजिनशी बांधलेला आहे, चाकाशी की रस्त्याशी, हे आधी ठरवायचं.

गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून हळूहळू रेस वाढवा. आवाज आला तर रस्त्याचा संबंध संपला. तो नेमका किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) येतो ते लिहून ठेवा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके पडतात, म्हणजे १८०० आरपीएमला सेकंदाला ६०. तीन सिलिंडर असतील तर त्याच वेगाला ४५. हा आकडा पुढे लागणार आहे.

उभ्या गाडीत काहीच आलं नाही तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर जा. आवाज वेगासोबत नियमित वाढत असेल तर चाकाकडे संशय घ्या. साधारण आकाराचं चाक ताशी २० च्या वेगात सेकंदाला तीनेक फेरे घेतं. टकटक सेकंदाला तीनदाच येत असेल तर टायरमध्ये रुतलेला खडा, व्हील कॅपमध्ये अडकलेला खडा किंवा ब्रेकच्या चकतीमागच्या पातळ पत्र्याला लागणारं काहीतरी, हे आधी तपासा. खराब रस्त्यावरची खडखड ब्रेक अगदी हलका दाबल्याबरोबर थांबली तर कॅलिपरमधले (ब्रेकची चकती चिमटीत धरणाऱ्या भागातले) सैल पॅड किंवा त्यांच्या झिजलेल्या क्लिपा दोषी असतात.

रस्त्याशी बांधलेला आवाज असेल तर कोणत्या प्रकारचा रस्ता, हे बघा. दोन्ही चाकं एकदम चढतात असा गतिरोधक हळू ओलांडताना कुरकुर येत असेल तर रबरी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांमधली रबराची गादी. एकेक चाक वेगवेगळं उडतं अशा खडबडीत रस्त्यावर ठकठक येत असेल तर स्टॅबिलायझरचे (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) लिंक रॉड, कारण दोन चाकं वरखाली वेगवेगळी झाली तरच त्या दांड्याला पीळ पडतो. गाडी तिरकी एखाद्या चढावर घातल्यावर आवाज आला तर गाडीचा सांगाडा किंचित पिळला जातोय आणि दारं, डिकी, काच यांच्या कडा कुठेतरी घासताहेत. ही शेवटची चाचणी फार उपयोगाची आहे. उभ्या गाडीत, इंजिन बंद करून, शांतपणे कान देता येतो.

हाताने बंद करणं

गाडी चालवणाऱ्याने आवाज शोधायचा नाही. चालवायला दुसऱ्याला बसवा आणि तुम्ही मोकळ्या हातांनी आत फिरा. एकेक भाग तळव्याने घट्ट दाबायचा, तीन-चार खड्डे जाऊ द्यायचे, मग पुढचा. दाबल्यावर आवाज मेला आणि सोडल्यावर परत आला, असं तीनदा झालं की जागा सापडली. एकदाच झालं तर तो योगायोग धरा.

कानावर मात्र फार विसंबू नका. डावं-उजवं आपल्याला चांगलं कळतं, कारण आवाज दोन कानांना वेगवेगळ्या वेळी पोचतो. पुढे-मागे आणि वर-खाली ओळखताना तो फरक उरत नाही, त्यात केबिनच्या काचांवरून आवाज परावर्तित होतो. म्हणून मागच्या सीटची टकटक पुढच्या दारात ऐकू येते. डोकं हळूहळू वळवत ऐका, त्याने थोडा फरक पडतो. पाण्याच्या नळीचा मीटरभर तुकडा कानाला लावून दुसरं टोक एकेका फटीजवळ नेलंत तर आणखी फरक पडतो. फोनही चालतो: रेकॉर्डिंग सुरू करून तो डिकीत ठेवा, मग मागच्या सीटवर, मग डॅशबोर्डवर, आणि एकाच रस्त्यावरून तीन फेऱ्या मारा. जिथे आवाज सगळ्यात कोरडा आणि स्पष्ट आला, तिथे जवळ आहात.

झिणझिणीसाठी मला आवडणारी युक्ती म्हणजे गाडीचेच स्पीकर. फोनवर ठराविक कंपनसंख्येचा सूर काढणारं ॲप टाका आणि उभ्या गाडीत ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं) सूर हळूहळू चढवत न्या. मघाचा ६० किंवा ४५ चा आकडा इथे उपयोगी पडतो; थेट तिथेच थांबा. सैल असलेला भाग हमखास बोलायला लागतो आणि तुम्ही आरामात बसून एकेक पॅनेल दाबून बघू शकता. आवाज माफक ठेवा, बारीक स्पीकरना सलग खालचा सूर झेपत नाही.

नेहमीचे गुन्हेगार

मागच्या सीटची पाठ जिथे अडकते ती लोखंडी कडी माझ्या यादीत पहिली आहे. सीटची पाठ पुढे पाडून दिसणारी यू आकाराची कडी, तिला कापडी टेपचे दोन वेढे द्या आणि पाठ पुन्हा जोरात अडकवा. कित्येक गाड्यांमधली मागची टकटक इथेच संपते. ती संपली नाही तरी दोन मिनिटांपलीकडे काही गेलं नाही.

दुसरी तशीच कडी दाराच्या चौकटीवर असते, कुलूप अडकतं ती. खडबडीत रस्त्यावर दारातून कुरकुर येत असेल तर आधी ती पुसून पांढरं लिथियम ग्रीस बोटभर लावा. थांबली नाही तर दाराच्या रबरी बीडिंगकडे वळा. कागदाची अरुंद पट्टी बीडिंगवर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. चांगल्या जागी ती घट्ट, अडखळत येते. जिथून ती लोण्यातून सुरी यावी तशी सुटते, तिथे बीडिंग दबलेलंच नाही. दाराच्या चारही बाजूंनी हे करा. वरच्या मागच्या कोपऱ्यात पट्टी सैल निघाली तर कडीभोवती पेन्सिलने खूण करा, तिचे बोल्ट ढिले करून कडी मिलिमीटरभर आत सरकवा आणि पुन्हा आवळा. खूण विसरलात तर दार कधीच पूर्वीसारखं लागणार नाही, हे अनुभवाने सांगतो. बीडिंग धुऊन, वाळवून त्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोलियमवर आधारलेलं ग्रीस किंवा तेल तिथे लावू नका. दारांची बीडिंग बहुधा ईपीडीएम रबराची असतात आणि ते रबर अशा तेलाने फुगून मऊ पडतं.

बॉनेट आणि डिकीच्या कडांना स्क्रूसारखे फिरणारे रबरी ठोकळे असतात, तिकडे कोणी बघत नाही. ते अर्धा फेरा बाहेर काढले की झाकण ताणून बसतं आणि खडखड थांबते. जास्त काढलेत तर झाकण नीट लागणार नाही, तेव्हा बेतानेच.

डॅशबोर्ड आणि पुढच्या काचेच्या सांध्यातली करकर ऋतूप्रमाणे येते-जाते. डॅशबोर्डचं प्लास्टिक उष्णतेने त्याला धरून ठेवणाऱ्या पोलादाच्या कित्येक पट जास्त प्रसरण पावतं. सव्वा मीटर लांबीचा डॅशबोर्ड उन्हात ४० अंशांनी तापला तर तो काही मिलिमीटर वाढायला बघतो आणि पोलादी चौकट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच वाढते. मग फरक कुठेतरी सांध्यांमध्ये निघणारच. इथे चाचणी दुपारी करून काही हाती लागत नाही. ज्या तापमानाला आवाज येतो त्याच वेळी बघा. जागा सापडली की पातळ फेल्ट प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने फटीत सरकवा, इतकंच.

चाललेल्या गाडीत काच दोन बोटं खाली केली आणि आवाज थांबला, तर काचेच्या खाचेतली रबरी पट्टी स्वच्छ करून तिला सिलिकॉन लावा. सीट करकरत असेल तर ती पुढे-मागे सरकवून रुळांचे बोल्ट तपासा. बऱ्याचदा सीटचं लेदर मधल्या कन्सोलला घासत असतं, तेव्हा कन्सोलच्या कडेला फेल्ट लावून भागतं. खांबाच्या आतून येणारी बारीक खुळखुळ बेल्टच्या गुंडाळीतल्या पोलादी गोळीची असू शकते. धक्का ओळखून बेल्ट अडकवणं हे त्या गोळीचं काम. बेल्ट लावल्यावर आवाज बदलला तर तिचाच समजा आणि ती गुंडाळी अजिबात उघडू नका.

गाडीच्या खाली

सायलेन्सरच्या नळीवरचा उष्णता अडवणारा पत्रा हा झिणझिणीचा बादशहा. गंजून बोल्टाचं भोक मोठं होतं आणि पत्रा मोकळा नाचतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर मुठीने ठोकून बघा. भोकाला मोठा वॉशर किंवा नळीभोवती स्टीलचा क्लॅम्प, इतक्याने काम होतं. पत्रा काढून फेकायचा मोह आवरा. त्याच्यावर केबिनचा तळ, वायरी आणि इंधनाच्या नळ्या असतात.

कुरकुरणारा बुश शोधायला पाण्याचा फवारा पुरतो. एका वेळी एकाच बुशवर पाणी मारा आणि गाडीची ती बाजू दाबून हलवा. आवाज काही वेळापुरता गेला तर तोच. तिथे तेल मारून मोकळं व्हायचं नाही. रबर संपलं असेल तर बदला. बदलताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा: बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचा भार चाकांवर असताना. चाकं लोंबकळत असताना आवळला की गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि नवा बुश लवकरच फाटतो. मग पुन्हा तीच कुरकुर, आणि दोष मात्र पार्टला.

काय लावायचं, काय नाही

वायरिंगच्या गुंडाळीसाठी मिळते ती लवदार कापडी टेप, गोंद असलेलं फेल्ट, बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम आणि सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब. माझ्या पेटीत यापलीकडे फारसं काही नाही. साध्या स्पंजाचा फोम पाणी शोषतो आणि वर्षा-दोन वर्षांत भुगा होतो. गंज सोडवणारे पातळ स्प्रे पहिल्या दिवशी जादू करतात, पण उडून जातात आणि मागे धूळ धरणारा थर राहतो. सिलिकॉनचा स्प्रे थेट गाडीत मारू नका, आधी फडक्यावर घ्या. काचेवर, पेडलवर किंवा ब्रेकच्या चकतीवर गेला तर कुरकुरीपेक्षा मोठी आफत.

प्लास्टिकची पॅनेल काढायला प्लास्टिकचीच हत्यारं वापरा आणि नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा. पुढच्या काचेच्या बाजूचे खांब, छताची कड, एअरबॅगची खूण असलेल्या सीट आणि स्टिअरिंग यांना मात्र घरी हात लावू नका. पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली की समजा, एअरबॅग इथेच आहे. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग ज्या वाटेने बाहेर येते तिथे कोंबलेला फोम अपघाताच्या क्षणी आडवा येऊ शकतो. हे काम गॅरेजला द्या, आणि देताना मेकॅनिकला गाडीत बसवून, ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वेगात तो आवाज ऐकवूनच या. किल्ली काउंटरवर ठेवून आलात तर “आम्हाला तर काही ऐकू आलं नाही” हे उत्तर ठरलेलं.

आमच्या ग्लोव्ह बॉक्सचं म्हणाल तर दोन नव्या क्लिपा घातल्या आणि मी हौसेने लावलेलं फेल्ट सगळं खरवडून काढलं. कुरकुर गेली. गोंदाचे डाग अजून आहेत.